घरटं रिकामं झाल्याची सही

"मिसेस ट्रूइट, गेली का तुमची पाखरं?" टॉवरच्या कामावरचा साहेब पर्डम याने गाडीतून उतरता उतरताच विचारलं.

वर्नाने दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही. "एक आहे अजून. बसलंय आरामात."

मे महिन्यापासून हे चाललं होतं. खाडीकाठच्या मोबाइल टॉवरच्या माथ्यावर ऑस्प्रेच्या, म्हणजे मासेमार घारीच्या जोडीने घरटं केलं होतं. अंडी-पिल्लं असेतो वर चढायला मनाई. घरटं रिकामं झाल्याची नोंद स्वयंसेवकाने द्यायची, मगच नवे अँटेना लागणार. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या वर्नाने हे काम मागून घेतलं होतं. पक्ष्यांचं तिला वेड नव्हतं. सहा वर्षांपूर्वी याच टॉवरवर काम करताना तिचा नवरा हॉलिस पडून मेला होता. सुरक्षा पट्टा चांगला होता, हॉलिसने हूकच लावला नव्हता, पट्टा फाटला तो पडताना, असं पर्डमने चौकशीत लिहून दिलं. प्रकरण मिटलं.

म्हणून दर आठवड्याला 'पिल्लं आहेत' असं लिहिताना तिला बरं वाटायचं. पर्डम उन्हात घाम पुसत वरिष्ठांची बोलणी फोनवर ऐकायचा. ती बघत राहायची. तेवढ्याने तिचं भागत नव्हतं.

ऑगस्टमध्ये शेवटचं पिल्लू खाडीकडे उडालं ते परतलंच नाही. खोटं लिहावं, असं दोन दिवस तिच्या मनात होतं. तिसऱ्या दिवशी तिनेच पर्डमला बोलावलं.

तो दोन माणसं घेऊन आला. त्यातला ल्यूथर हॉलिसबरोबर पंधरा वर्षं टॉवर चढलेला. वर्नाने आपल्या गाडीतून एक पट्टा काढून बॉनेटवर ठेवला.

"घरटं रिकामं आहे, सही करते. पण आधी तुम्ही वर जाऊन बघून या, साहेब. हा बांधून."

"हा कुठला?"

"हॉलिसचा दुसरा. त्याच खोक्यातला, त्याच दिवशी तुम्ही दिलेला. शेडमध्ये पडून होता."

पर्डमने पट्टा उचलला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला.

"माझं काय वय आहे का आता चढायचं?"

"मग नुसता बांधा. त्या पहिल्या पायरीला लटका."

ल्यूथर हसला. "लटका की साहेब, दोन फूट तर आहे."

पर्डम हलला नाही.

ल्यूथरचं हसू मावळलं. त्याने पट्टा घेऊन शिवण दोन्ही हातांनी ओढली. टर्रकन उसवली.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"ल्यूथर, ऐकून तर घे..."

"तूच जा वर."

तो आणि दुसरा माणूस गाडीत जाऊन बसले आणि त्यांनी दारं लावून घेतली.

वर्नाने फॉर्मवर लिहिलं : तीन पिल्लं उडाली, घरटं रिकामं. सही करून कागद पर्डमच्या हातात दिला. "आता कसलीच मनाई नाही."

कागद धरून तो टॉवरखाली उभा राहिला. वर्ना दुर्बिणीची तिपाई मिटायला लागली. एक स्क्रू हातातून निसटून गवतात पडला. तो शोधायला ती गुडघ्यांवर बसली, आणि बराच वेळ उठली नाही.