कचरापेटीचं सैल झाकण

अस्वल दिसल्याने वाटाड्याच्या पगारात एक दमडी वाढणार नव्हती. मिळणार होतं ते एवढंच, की मेव्हण्याचं तोंड बंद होईल. पण सासुरवाडीत ही चीज भारी महाग, आणि वाटाड्याला ती आजवर उधारीवरसुद्धा मिळाली नव्हती.

सरकारी जंगल-उद्यानात लोकांना पायवाटांनी फिरवून अस्वलं दाखवायची, ही त्याची नोकरी. बायकोचा थोरला भाऊ तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा त्याला दिसली ती नखांनी ओरबाडलेली झाडं, उकरलेली वारुळं आणि विष्ठा.

"दाजी," तो सगळ्यांदेखत जेवताना म्हणायचा, "अस्वलाच्या मागून काय पडतं ते पाहिलं. आता पुढची बाजू कधी दाखवताय?"

सगळे हसायचे. बायको तेवढी हसायची नाही, ताटात बघत बसायची. तेच त्याला जास्त लागायचं.

म्हणून मेव्हणा पुन्हा बायकापोरांसकट येतोय म्हटल्यावर वाटाड्याने घरातली अतिपिकली सफरचंदं पिशवीत भरली आणि आदल्या संध्याकाळी कुरणाच्या कडेला, पाहुण्यांच्या बाकासमोरच्या पोकळ ओंडक्यात ओतली. अस्वलाला खायला घालायचं नाही, हा उद्यानाचा पहिला नियम. तो रोज सकाळी पाहुण्यांना हाच पढवायचा. एकदाच तर करतोय, असं म्हणून त्याने पिशवी झटकली.

दुसऱ्या दिवशी तुटक्या कानाची एक अस्वलीण आली. ओंडक्यात तोंड खुपसून निवांत बसली. पोरांनी श्वास रोखले आणि मेव्हण्याने वाटाड्याचा हात असा धरला, की बोटांचे वळ उठले. "मानलं दाजी तुम्हाला!" त्या दिवशी बायकोने न विचारता दुसऱ्यांदा वाढलं.

पण हिशेब तिथे मिटला नव्हता. अस्वलीण पुन्हा ओंडक्याशी आली, तो रिकामा. तिने बाक हुंगला. तिथून हाकेच्या अंतरावर चहाची टपरी, सगळे जिला मावशी म्हणत तिची. तिथली कचरापेटी तिने आडवी केली आणि खरकटं चाटत बसली. लोक किंचाळत पळाले. कुणाला खरचटलंही नाही, पण माणसांच्या खाण्याला चटावलेलं अस्वल उद्यानात ठेवत नसत. त्याची रवानगी प्राणिसंग्रहालयात, जन्मभरासाठी.

उद्यानाचे साहेब चौकशीला टपरीवर आले. "हिला चटक लागली कुठे?"

"साहेब, पेटीची कडी बदलून द्या म्हणून मी घसा कोरडा केला," मावशी म्हणाली. "झाकणावर दगड ठेवते रोज."

"तुम्हाला नाही विचारलं." साहेब वाटाड्याकडे वळले. "तू रोज येतोस-जातोस. झाकण कसं होतं?"

वाटाड्या म्हणाला, "सैल होतं, साहेब."

झाकण सैल होतंच. खरं बोलून एवढं मोठं खोटं बोलता येतं, हे त्याला त्या क्षणी कळलं. साहेबांनी मान हलवली आणि टपरी उठवायचा हुकूम काढला.

अस्वलीण पिंजऱ्यात सापडली. ट्रक निघताना वाटाड्या बाजूला उभा होता. तिने गजांमधून नाक काढून त्याच्या दिशेने लांब वास घेतला. हा माणूस खायला आणतो, एवढंच तिच्या लेखी खरं होतं.

त्याच दुपारी तो साहेबांच्या खोलीत गेला आणि सफरचंदांचं सगळं ओकून मोकळा झाला.

साहेबांनी उठून दार लोटून घेतलं. "आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"कोणालाच नाही."

"मग मलाही नाही. अहवाल वर गेलाय. आता उलटा फिरवला, तर आधी मला विचारतील, तपास काय झोपेत केलास का? जा, कामाला लाग."

मावशी टपरीतला माल खोक्यांत भरत होती. वाटाड्याने तिलाही सांगितलं, मान खाली घालून.

तिचा हात थांबला. "साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. ऐकत नाहीत."

"आणि आता माझ्याकडे आलास. हलकं व्हायला."

"मावशी, माफ—"

"ते नाही हं मिळायचं. खोकी मी उचलतेय माझी. तुझं तू उचल." तिने खोकं कमरेवर घेतलं. तो हात लावायला पुढे झाला, तशी ती वळून दुसऱ्या बाजूने गेली.

वाटाड्या रिकाम्या टपरीसमोर उभा राहिला. मेव्हण्याच्या एका शाबासकीपायी अस्वलिणीचं जंगल गेलं, मावशीची टपरी गेली. साहेबांचं काही गेलं नाही. वाटाड्यानेही त्या किमतीतला आपला वाटा द्यायला काढला होता, पण तो कोणी घेतला नाही.