सगळे हजर

मित्रांनो, मी एक जुना टॅग आहे. पण आधी फोर्कलिफ्टवाल्या दादांचा फायदा मांडतो, कारण माझं आयुष्य त्याच हिशेबात खर्ची पडलं. दादा औषधांच्या गोदामात रोजंदारीवर होते. साहेब म्हणाले होते, "या हंगामात दारातून एकही क्रेट नोंदीशिवाय गेला नाही, तर तुम्ही कायम." त्या 'कायम'वर दादांच्या घरी मोठ्या खोलीचे बेत शिजत होते.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात खसखशीएवढी चिप, भोवती नागमोडी तार, अंगावर प्लास्टिकचा सदरा. मला बॅटरी नाही. गोदामाच्या दाराच्या चौकटीतून रेडिओलहरी येतात, त्यांच्या जोरावर मी जागा होतो आणि माझा क्रमांक सांगतो. त्या क्रमांकावरून संगणक ओळखतो, माझ्या क्रेटमध्ये कोणता माल आहे ते. क्रेटच्या खाचेत बसून मी वर्षानुवर्षं ये-जा केली. सुरुवातीला मला बघायला पाहुणे यायचे. "वा! न उघडता सांगतो!" पुढे पाहुणे आटले. धूळ तेवढी नेमाने येत राहिली.

मग खोकल्याचं औषध आलं आणि घोळ सुरू झाला. पातळ औषध आमच्या लहरी पिऊन टाकतं. थप्पीच्या मधले टॅग हाका मारूनही उठेनात. दरवेळी थप्पी उतरवा, पुन्हा रचा, पुन्हा दारातून न्या. दादांची कंबर धरली. शेवटी त्यांनी शक्कल काढली. आम्हाला खाचांतून उपटून खिशात भरलं आणि ऐटीत दारातून चालत गेले. चौकटीवर हिरवा दिवा लागला. सगळे हजर!

दाराशी संगणकावर बसणाऱ्या ताईंना हसू आवरेना. "दादा, नाश्त्याला अख्खा ट्रक खाल्लात की काय?"

"तुमच्या दाराला माल कुठे हवाय ताई? हजेरी हवी. ही घ्या!"

"आणि हे परत कुठे लावणार?"

"सगळे क्रेट एका आईची लेकरं. बसतील कुठेही."

बसलो आम्ही कुठेही. रोज तेच. मी कोणाच्या दारावरची पाटी आहे, हे मलाही आठवेनासं झालं.

हंगाम सरता सरता कंपनीचा निरोप आला: एका खेपेतल्या बाटल्यांची झाकणं गळतात, त्या परत पाठवा. ताईंनी लहरी सोडणारं हातातलं यंत्र रांगांतून फिरवत आमचे क्रमांक पुकारले. आम्ही तिसऱ्या रांगेतून इमानेइतबारे ओ दिली. क्रेट उघडले, तर आत धडधाकट बाटल्या. गळक्या बाटल्या केव्हाच दुकानांत पोचल्या होत्या.

"साहेब, दिवा तर हिरवा होता," दादा पुटपुटले.

"दिव्याला काय कळतंय? हजेरी मालासकट मागितली होती हो!"

मित्रांनो, मी आता पत्र्याच्या डब्यात पडून आहे. फार थकलोय. एकच मागणं आहे: पाटी ज्या दाराची, त्याच दारावर राहू द्या. दार बदललं की खरी पाटीही खोटी पडते.

बाकी हिशेब सोपा आहे. साहेबांनी वर कळवलं, 'टॅग जुने झाले', आणि गोदामात नवे टॅग आले. आम्ही डब्यात गेलो. ताईंच्या वाट्याला प्रत्येक क्रेट उघडून बाटल्या तपासणं आलं. दादा अजून रोजंदारीवरच आहेत. त्यांच्याकडे कायम झाला तो फक्त कंबरेचा पट्टा.