पातं आपलं नाही

कानसेननं कात्री कानाजवळ धरली, पूर्ण उघडली आणि सावकाश मिटली. मग खोक्यात टाकण्याऐवजी ती डाव्या हाताला वेगळी ठेवली. सकाळपासून तिथं अशा एकतीस कात्र्या जमल्या होत्या.

"काय झालं? खराब निघाल्या?" सुपरवायझरनं विचारलं.

"नाही. चांगल्या आहेत."

"मग बाजूला का?"

"सगळ्या सारख्याच चांगल्या आहेत."

"कमाल आहे तुमची! लोक वाईट मालाची तक्रार करतात." सुपरवायझर हसला, पण हसताना त्यानं कानसेनच्या नजरेला नजर दिली नाही. त्या एकतीस कात्र्या त्यानं स्वतःच्या हातानं खोक्यात भरल्या. कानसेनच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

कारखाना शिंप्यांच्या मोठ्या कात्र्यांचा होता. कानसेन चौतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसत होता. कात्री मिटताना बुडापासून टोकापर्यंत जो आवाज येतो, त्यावरून पाती कुठं दाबतात आणि कुठं सुटतात हे तो सांगायचा, म्हणून हे टोपणनाव. शाणेवर, म्हणजे धार लावायच्या दगडी चाकावर, पाती घासणाऱ्या सहाही जणांचे हात त्याला आवाजावरून ओळखू यायचे. त्यांच्यात एक पैलवान होता. अंगानं काडी, म्हणून पैलवान. त्याच्या पात्याचा आवाज टोकाशी जरा जड व्हायचा, आणि जाड कापड कापणारे शिंपी नेमकी तीच कात्री शोधत यायचे.

आज एकतीस कात्र्यांमध्ये हात एकच होता, आणि तो त्या सहांपैकी कुणाचाच नव्हता.

वर्षभरापूर्वी बाहेरच्या देशातली स्वस्त कात्री बाजारात आली आणि कारखान्याची मागणी निम्म्यावर आली. मालकानं शाणेवरच्या चौघांना घरी बसवलं. पैलवान त्यातलाच. तोवर मालकाचा एक ठरलेला पाठ होता. कुणी पगारवाढ मागितली की तो म्हणायचा, "मी कोण देणारा? बाजार ठरवतो. बाजारात हात घालायचा नसतो." पण बाहेरची कात्री आल्यावर तोच मालक दोन बस भरून कामगारांना राजधानीला घेऊन गेला. परदेशी कात्रीवर जबर आयात शुल्क लावा, नाहीतर हे लोक रस्त्यावर येतील, असं त्यानं समितीपुढं सांगितलं.

समितीपुढं कानसेनही उभा राहिला होता. एका साहेबांनी गमतीनं त्याला डोळे मिटायला लावले आणि दहा कात्र्या एकेक करून कानाशी वाजवल्या. त्यानं दहाच्या दहा बरोबर सांगितल्या. साहेब हसले, टाळ्या झाल्या, कुणीतरी फोटोही काढला. चार महिन्यांनी शुल्क लागलं. मालकानं पेढे वाटले नाहीत, पण प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याच संध्याकाळी कानसेन पैलवानाच्या घरी गेला होता. पैलवानाला एका गोदामात पहाऱ्याची नोकरी सांगून आली होती.

"घेऊ नकोस," कानसेन म्हणाला होता. "बोलावतील तुला. मालक स्वतः म्हणालेत."

"मालक म्हणाले म्हणून नाही," पैलवान म्हणाला, "तू म्हणतोस म्हणून थांबतो."

त्याला आता तीन महिने होत आले होते. खोकी पूर्वीपेक्षा दुप्पट भरत होती आणि शाणेवर दोघंच होते. दोघांच्या हातून एवढी पाती निघणं शक्य नव्हतं. हा साधा हिशेब आपल्याला इतके दिवस का सुचला नाही, कानानंही तो का ऐकू दिला नाही, याचंच कानसेनला नवल वाटलं. की सुचू द्यायचा नव्हता?

दुपारच्या सुट्टीत तो सहज पाय मोकळे करायला म्हणून कारखान्याच्या गोदामाकडं गेला. दाराला नवं कुलूप होतं. एरवी लांबून हाक मारून बोलावणारा स्टोअरकीपर आज दाराला पाठ लावून उभा राहिला.

"काही हवं होतं का?"

"नाही. चहा प्यायलास?"

"हो. म्हणजे नाही. नंतर पितो."

तेलकट कागदाचा एक तुकडा दारापाशी पडला होता. आतून पाती गुंडाळायला वापरतात तसा, पण आपल्याकडच्यासारखा पिवळा नव्हे, निळसर. कानसेननं तो बघितला. आपण बघितला हे स्टोअरकीपरनं बघितलं, हेही त्यानं बघितलं.

रविवारी मेहुणा जेवायला आला. त्याचं शिंपीकामाचं दुकान होतं आणि जीभ त्याच्या कात्रीपेक्षा जास्त चालायची. हात धुवायच्या आधीच त्यानं सुरुवात केली.

"दाजी, एक सांगा. शुल्क लागलं ते परदेशी कात्रीवर ना? मग तुमची का महाग झाली?"

"पोलाद महागलं."

"पोलाद! अहो, परदेशीची किंमत चढली म्हणून तुमच्या मालकानं आपलीही चढवली, एवढं साधं आहे. आधी मी दोन कात्र्यांतली हवी ती घ्यायचो. आता दोन्ही महाग, घ्या कुठली ती. याला खुला बाजार म्हणतात? आणि हाच माणूस तुम्हाला बाजाराचे धडे द्यायचा!"

"आणि चाळीस माणसं घरी बसली असती ती?"

"मग माझ्या दुकानातल्या दोन पोरी घरी बसल्या तर चालतात? त्यांच्यासाठी कोण बस भरून नेणार?"

"परदेशातलं सरकार तिकडच्या कारखान्यांना मागून पैसे देतं, म्हणून त्यांचा माल स्वस्त. तो कुठला खुला बाजार?"

"तेही लबाड आणि हेही लबाड. मी कुठं नाही म्हणतो? पण मधल्यामध्ये कापला जातो मी."

"तुम्ही दोघं कात्र्या बाहेर ठेवून जेवा बघू," बायको म्हणाली. मग भावाला वाढता वाढता तिनं नवऱ्याकडं बघितलं. "आज तुम्ही नेहमीसारखे भांडत नाही आहात. काय झालंय?"

"काही नाही," कानसेन म्हणाला. नेहमी मेहुण्याला गप्प करणारी एक गोष्ट त्याच्याकडं होती: आमची माणसं कामाला लागली. ती आज तोंडातून निघाली नाही.

सोमवारी तो मालकाच्या खोलीत गेला. मालकानं त्याला बसायला सांगितलं. तेवढ्यावरूनच त्याला कळलं, की आपण येणार हे इथं आधीच पोचलं आहे.

"पाती बाहेरून येतात," कानसेन म्हणाला. त्यानं प्रश्न विचारलाच नाही.

"येतात." मालकानं आढेवेढे घेतले नाहीत. "शुल्क तयार कात्रीवर आहे. सुट्या पात्यावर नावापुरतं आहे. सगळं कागदोपत्री. लपवायचं काही नाही."

"मग गोदामाला कुलूप का?"

"तुमच्यासारख्यांच्या जिवाला घोर नको म्हणून."

"आपण राजधानीला गेलो ते माणसांसाठी गेलो."

"मी खोटं बोललो नव्हतो तेव्हा." मालक पुढं वाकला, आणि कानसेनला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस थकलेला दिसतो. "आपण कात्रीवर शुल्क मागितलं. पोलादवाल्यांनी पोलादावर मागितलं. त्यांनाही मिळालं. आता इथं पोलाद घेऊन, घासून पातं करायचं, तर तयार पात्याहून महाग पडतं. काय करू? पैलवानाला बोलावून कारखाना बुडवू?"

"तेव्हा बाजारात हात घालू नका म्हणत होता. मग घाला म्हणालात. आता परत बाजाराचंच कारण."

"बुडणारा माणूस दोर कुठल्या दुकानातला आहे ते बघत नाही." मालक सावरून बसला. "बरं झालं तुम्ही आलात. गुरुवारी शुल्क खात्याचे साहेब येणार आहेत. त्या परदेशी मालाच्या व्यापाऱ्यानं तक्रार केलीय, की आपण अख्खी कात्री बाहेरून आणून वर आपला शिक्का मारतो. साफ खोटं आहे. पण खात्याचा आपल्यापैकी फक्त एका माणसावर विश्वास आहे. तुमच्या कानावर. तुम्ही एवढंच म्हणा, की माल आपला आहे."

तीन दिवस कानसेनला कशावरच भरवसा वाटेना. मालक पोलादाबद्दल खरं बोलला, की आपण मेहुण्यापुढं केलेलंच कारण त्यानं नुसतं जोरानं सांगितलं? व्यापाऱ्याची तक्रार खोटी, पण त्याला गोदामातलं कळलं कसं? टेबलापाशी तो आला की गप्पा थांबायच्या. जुळणीवरची एक बाई, जी वीस वर्षं त्याला 'भाऊ' म्हणायची, ती हळूच म्हणाली, "भाऊ, तक्रार तुम्ही नाही ना केली? लोक म्हणतात, तुमचा मेहुणा बाजारात बोलतो फार." त्याला राग आला नाही. तोही त्या सगळ्यांकडं तसंच बघत होता.

खरं सांगावं तर शुल्क उठेल आणि या बाईसकट चाळीसजण घरी बसतील. खोटं सांगावं तर पाती बाहेरूनच येत राहतील आणि पैलवान जन्मभर दाराकडं बघत राहील. बुधवारी जेवताना त्यानं हे बायकोला सांगितलं.

"तुम्हाला ते काय विचारणार आहेत?" बायको म्हणाली. "कात्री कुठली, एवढंच ना? मग कानाला येईल तेवढंच सांगा. त्याच्या पुढचं त्यांनी बघावं."

गुरुवारी आलेले साहेब तरुण होते, शिष्ट नव्हते आणि घाईत होते. टेबलावर त्यांनी सहा कात्र्या मांडल्या. मालक, सुपरवायझर आणि जुळणीवरची चार माणसं भिंतीशी उभी होती. कानसेननं पहिली कात्री उचलली. ती कानाशी धरली. मग कात्री मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"मूठ आपली आहे," तो म्हणाला. "मधला स्क्रू आपला, जुळणी आपली. पातं आपलं नाही."

सुपरवायझरनं डोळे मिटून घेतले.

"सहाही?"

"सहाही."

साहेबांनी लिहून घेतलं. मग मान वर केली. "म्हणजे कात्री इथंच तयार होते. अख्खी बाहेरून येत नाही."

"जुळवली इथंच जाते."

"मग तक्रारीत तथ्य नाही. सुटं पातं आणायला मनाई नाहीये." त्यांनी कागद मालकाकडं वळवला. "तुमच्या माणसानं काम सोपं केलं. नुसतं 'आपला माल' म्हणाले असते तर मला गोदाम उघडून सगळं मोजावं लागलं असतं."

भिंतीपाशी उभे होते ते सुटल्यासारखे हसले. मालकानं कानसेनच्या खांद्यावर हात ठेवला. "वाचवलंत!" तीन दिवस ज्याची धास्ती घेतली ते खरं असं मालकाच्याच कामी येईल, हे कानसेनच्या स्वप्नातही नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "हे शुल्क शाणेवरची माणसं राहावीत म्हणून लागलं होतं. त्यांचं काय लिहिलंत?"

साहेबांनी कागद खालीवर बघितला. खरंच बघितला. "त्याचा रकाना नाहीये यात."

"मी सही करणार ना? मग मी लिहू?"

"अहो, कशाला उगाच..." मालक म्हणाला.

"शेरा म्हणून लिहू शकतात," साहेब म्हणाले आणि पेन पुढं केलं.

कानसेनचं अक्षर फारसं चांगलं नव्हतं. त्यानं सावकाश लिहिलं: 'शाणेवर सहा माणसं होती. आता दोन आहेत. चौघांना बोलावलेलं नाही.' खाली सही केली आणि पेन परत दिलं. मालकाचा हात खांद्यावरून कधी निघाला ते त्याला कळलं नाही.

त्या शेऱ्याचं पुढं काही झालं नाही. कागद गेला तिथं गेला. कानसेनलाही कुणी काढलं नाही. फक्त महिन्याभरानं सुपरवायझर म्हणाला, की पाती आता तिकडूनच तपासून येतात, तेव्हा शंभरातली एक वाजवली तरी पुरे. उरलेल्या वेळात तो खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागला.

पहिल्या चिठ्ठ्या चिकटवल्या त्याच दिवशी, काम सुटल्यावर, तो पैलवानाकडं गेला. पैलवान घरीच होता. त्याच्या बायकोनं चहा टाकला. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि पुसून लख्ख ठेवलेली खिडकी होती. दिवसभर घरी असलेल्या माणसाचं घर असतं तसं.

"थांबू नकोस," कानसेन म्हणाला. "बोलावणार नाहीत. मी तुला चुकीचं सांगितलं."

"मालक म्हणाले?"

"नाही. मी म्हणतोय."

आतून बायकोनं गॅस बंद केल्याचा आवाज आला, पण ती बाहेर आली नाही.

"गोदामातली ती पहाऱ्याची जागा?" कानसेननं विचारलं.

"भरली कधीच. चौकात एका दुकानात पहाऱ्याचंच बघतो." मग म्हणाला, "तिथं उभं राहायचं असतं फक्त."

"उन्हात?"

"आत. पंखा आहे."

"मग बरं आहे."

"बरंच आहे की."

बोलता बोलता पैलवानाचा अंगठा टेबलाच्या कडेवरून आडवा फिरत होता, हलका, पात्याची धार बघतात तसा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कड संपली की तो अंगठ्याकडं बघायचा आणि पुन्हा पहिल्या टोकापासून सुरुवात करायचा.