पेटीची कडी

माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरात, मी कप विसळायचा नाही! का? तर बाहेरच्या खोलीत माझ्या नवऱ्यावर फिल्म निघतेय. "काकू, जरा थांबाल? आवाज येतो," असं ती फिल्मवाली दर थोड्या वेळाने दारातून डोकावून सांगते. गोड बोलते हो. त्या गोड बोलण्याचाच जास्त वैताग येतो.

फिल्म कशाची, तेही सांगते. आमचा फोटो स्टुडिओ होता. गावातली लग्नं, शाळेतले वर्ग, तान्ही बाळं, अगदी शेवटचा फोटो म्हणून काढलेली म्हातारी माणसंसुद्धा, सगळं गाव आमच्या दुकानात निगेटिव्ह होऊन पडलेलं. एका दुपारी दुकानाला आग लागली. दुकान गेलं, निगेटिव्हची पेटी वाचली. आता गावचं वाचनालय त्या फोटोंचं जाडजूड पुस्तक काढतंय आणि सोबत ही फिल्म. दोन्ही कायमची जपून ठेवणार म्हणे. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर यांचा फोटो, खाली छापलंय, 'आगीत उडी घेऊन गावाच्या आठवणी वाचवणारा माणूस'.

उडी! आंघोळीचं पाणी जरा कढत असलं तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस!

आत गेले होते मी. डार्करूममध्ये फोटो धुवायचं काम माझं. पेटी कुठल्या फळीखाली असते ते मी डोळे मिटून सांगितलं असतं, आणि त्या धुरात डोळे मिटूनच गेले. पत्र्याची पेटी, तिला लोखंडी कडी. कडी इतकी तापलेली की उजव्या तळहाताचं कातडं तिलाच चिकटून राहिलं. उंबऱ्यापर्यंत ओढत आणली आणि कोसळले. तिथून पुढे यांनी हातांना रुमाल गुंडाळून उचलली. तेवढ्यात माणसं धावत आली, आणि त्यांना दिसले कोण? पेटी घेऊन उभे असलेले हे. मी दवाखान्यात पडून होते तोवर गोष्ट गावभर झाली. घरी आल्यावर मी म्हटलं, अहो, खरं काय ते सांगा की लोकांना. तर म्हणाले, "सांगतो गं, सावकाश सांगतो." मुलगा झाला, मुलाचं लग्न झालं, नात शाळेत जायला लागली. यांचं सावकाश अजून उजाडायचंय.

तर आज जेवणं झाल्यावर फिल्मवालीने यांच्या हातांचा क्लोजअप घेतला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं आणि तिचं तोंडच उतरलं. कॅमेरावाल्याशी कुजबुज झाली, मग तिने माझ्या मुलाला बाजूला घेतलं. आणि आमचे चिरंजीव, हा सगळा घाट घालणारे, हात चोळत माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"आई, एक छोटंसं काम होतं. बाबांचे हात फार गुळगुळीत दिसताहेत. तुझ्या हातावर तो डाग आहे ना? नुसता तुझा हात घेऊ. वरून बाबांचा आवाज येईल. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"हा डाग कशाचा, माहीत आहे तुला?"

"भाजल्याचा ना? इस्त्रीने वगैरे?"

इस्त्रीने वगैरे! याच हाताने याला भरवलं, न्हाऊ घातलं, वेळप्रसंगी धपाटेही घातले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या नात ती फिल्म बघणार आणि माझाच हात बघून म्हणणार, आजोबांना किती लागलं होतं!

"चल," मी म्हटलं.

टेबलावर पेटी आणून ठेवली होती. हे शेजारी खुर्चीत, शर्टाला माईक लावून बसलेले.

"काकू, बांगडी काढाल का?" फिल्मवाली म्हणाली. "बाईचा हात आहे हे कळेल."

"कळू दे."

तिला वाटलं मी गंमत करतेय. हसली आणि मुलाला यांचा शर्ट आणायला पाठवलं. माझ्या हातावर यांची बाही चढवली, मनगटापर्यंत ओढली, बांगडी झाकली. मग मी दातओठ खात कडी धरली. डाग कडीवर बरोबर बसला.

"वा! किती छान जुळतंय!" ती म्हणाली. "काका, बोला."

"मी आत शिरलो," यांनी सुरुवात केली. "समोरचं काही दिसत नव्हतं. चाचपडत पेटीपर्यंत गेलो, कडी धरली आणि..." हे बोलत होते माझ्या हाताकडे बघत, आणि जीभ कुठे अडखळत नव्हती.

मी हात उचलला. "कॅमेरा वर घे. या हाताच्या मागे एक बाई बसलीय, तिचं तोंड दाखव."

"आई, प्लीज," मुलगा म्हणाला.

"तू गप्प बस. इस्त्रीने नाही, या कडीने भाजलंय मला. आत मी गेले होते. हे रस्त्यावर उभे होते, गळ्यात कॅमेरा लटकवून. एवढे नावाजलेले फोटोग्राफर, पण एक फोटो काढायचं सुचलं नाही! काढला असता तर आज माझ्या हातावर यांची बाही चढली नसती."

यांनी माझ्याकडे बघितलं. "अगं, असं काय बोलतेस? मीच गेलो होतो ना?"

हे नाटक नव्हतं. यांची सगळी नाटकं मला पाठ आहेत. सांगून सांगून यांना ते खरंच वाटायला लागलं होतं. त्याने तर माझं डोकं जास्तच फिरलं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं. यांच्याशी काय कपाळ भांडणार?

"मला धूर आठवतो गं," हे म्हणाले. "नाकात, डोळ्यांत. अगदी स्पष्ट आठवतो."

"आठवणारच. तुम्ही बाहेर उभे होता. धूर बाहेरच येत होता."

फिल्मवाली वाकून आधी कडीकडे बघत राहिली, मग माझ्या तळहाताकडे. मी ती बाही ओढून काढली आणि शर्ट मुलाच्या अंगावर फेकला. तो शर्ट छातीशी धरून तसाच उभा राहिला.

यांच्या शर्टावरचा माईक मी काढून घेतला.

"चालू आहे ना गं?"

तिने मान हलवली.

"मग आता मी सांगते. पहिल्यापासून."

शेजारी हे हुंदके द्यायला लागले होते. मी वळले.

"अहो, जरा थांबाल? आवाज येतो."