वस्तऱ्याला सोसेल तो वेग

पेणमध्ये पितळ चमकवावं तर हैबतरावानंच, असं मी स्वतःच सांगत फिरतो. दुसरं कोणी म्हणेपर्यंत थांबायला मला वेळ नसतो. गणपतीच्या तोंडावर समया-घंटांचा माझ्याकडे ढीग पडतो. बफिंगचं कापडी चाक सुसाट सोडायचं, त्याला पॉलिशची वडी लावायची, की भांडं बघता बघता झळकतं. म्हणून रोह्याचे दिनानाथ वस्तरा घेऊन आले तेव्हा मी म्हणालो, बसा, चहा येईपर्यंत करून देतो.

दिनानाथांचं रोह्यात सलून आहे. वस्तरा त्यांच्या वडिलांचा. घरातल्या प्रत्येक मुलाचं जावळ त्यानंच निघालेलं, दिनानाथांचं आणि त्यांच्या मुलीचं, नमिताचंही. आता येत्या रविवारी नमिताच्या लेकीचं जावळ होतं. पण नागोठण्याला नमिताच्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा तिच्याकडे ठेवलेली वस्तऱ्याची पेटी गाळात राहिली आणि पातं काळंठिक्कर पडलं. सलूनमधलं नवं ब्लेड वापरा की, असं मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "नाय. नातीला बापाचाच वस्तरा लागंल."

माणूस सावध. आधी त्यांनी पिशवीतून दुसराच एक तुटका वस्तरा काढला आणि यावर करून दाखवा म्हणाले. माझं डोकंच फिरलं. एवढी वर्षं धंद्यात काढून आता मी परीक्षा द्यायची? त्याच तिरमिरीत मी मोटर सुरू केली, मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे घेणारी, आणि तुटकं पातं चाकाला लावलं. डाग क्षणात गेला. आणि धारेच्या कडेला निळी झाक उमटली.

पोलाद तापवून, विझवून जो कडकपणा आणतात त्याला आम्ही पाणी म्हणतो. पातं फाजील तापलं की निळं पडतं, पाणी उतरतं, आणि मग धार लावली तरी ती टिकत नाही. वस्तरा पाठीकडे जाड असला तरी धारेकडे कागदाहून पातळ असतो. तिथली उष्णता जाणार कुठे? पितळेला सोसतो तो वेग त्याला सोसत नाही. हा खरा वस्तरा असता तर? दिनानाथांनी तुटकं पातं उचलून उजेडात धरलं, ते मला झोंबलं.

मी मोटर बंद केली. मागे पडलेली चौदाशे फेऱ्यांची जुनी मोटर काढली, पुली बदलून तिचा वेग निम्म्यावर आणला. तरी मन मानेना. फेरे तेवढेच असले तरी मोठ्या चाकाची कड जोरात घासते, म्हणून निरांजनांसाठी ठेवलेलं लहान, मऊ चाक चढवलं. आधीचं चाक किंचाळायचं, हे नुसतं घुमायला लागलं.

पण एवढं हळू पुरेसं आहे का, हे ठरवायचं कसं? गिऱ्हाइकाच्या गालाला लावण्याआधी पातं आपल्या मनगटावर आडवं टेकवून बघायची दिनानाथांची सवय. मी तुटकं पातं चाकाला लावायचो, ते मनगटावर टेकवायचे. शेवटी त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आता गार हाय. ह्या वेगाच्या वर नका जाऊ."

मग खरा वस्तरा हातात घेतला. पाठ वर, धार खाली, आणि चाक धारेवरून बाहेर पळेल असा. उलटा धरला आणि चाकानं धार पकडली, तर वस्तरा उडून कुणाच्याही गळ्यात बसायचा. एकदा टेकवायचा, उचलायचा, त्यांच्या मनगटाला विचारायचं. दुपार त्यातच गेली. चहा आला तसा निवून गेला.

काळेपणाखालून पात्यात आधी खिडकी उमटली, मग दिनानाथांचा चेहरा. आणि मला दिसलं की धारेची रेघ सरळ नाही. मधोमध ती केसभर आत गेली होती. एकाच माणसानं जन्मभर एकाच हातानं दगडावर ओढल्यामुळे पोलाद तेवढं झिजलं होतं. मेलेल्या माणसाचा हात असा लोखंडात राहतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी चाक थांबवून नुसता बघत राहिलो. मुठीजवळ दोन बारीक ठिपके उरले होते. ते काढायचे तर वेग वाढवावा लागला असता. आयुष्यात पहिल्यांदा मी डाग राहू दिला.

धार लावायचं काम त्यांचं. रविवारी मी रोह्याला गेलो तो जेवायला, दुसरा विचार नव्हता. जावळाला बाळ मामाच्या मांडीवर बसवतात, आणि नमिताला भाऊ नाही. कुठला तरी चुलतभाऊ ठरला होता म्हणे. पण दिनानाथांनी मला बोलावलं आणि पाटाकडे बोट दाखवलं. "पाणी तुम्ही राखलंत. आता पोरगी पण तुम्हीच धरा."

मला सवय नाही, मी म्हणालो. तोवर नमितानं झोपलेली लेक माझ्या मांडीवर ठेवलीसुद्धा. टाळू अजून भरली नव्हती, कातडीखाली ती उडताना दिसत होती. तिच्यावरून ते पातं जाणार होतं. त्या दुपारी वेग जरा जास्त ठेवला असता तर, हे मनात आलं आणि मी मांडी दगडासारखी स्थिर धरली.

वस्तरा टेकला. आवाज झाला नाही. जावळ माझ्या तळव्यात पडत गेलं आणि गोरं, गोल डोकं उघडं होत गेलं. ना ओरखडा, ना लाली. पोरगी माझं बोट धरून झोपली होती.

"दादा," नमिता हळूच म्हणाली, "झालं. आता हललात तरी चालंल."

मी हललो नाही.