सुंदराची चार बोटं

"अरे, चार बोटं म्हणजे चार बोटं! त्यात काय पंचांग पाहून राह्यला?" मधुकरराव बांधावरूनच ओरडले.

टिकारामने मान वर केली नाही. भरमार बंदूक त्याने दोन गुडघ्यांत उभी धरली होती. नळीत लोखंडी गज होता आणि नळीच्या तोंडाशी, गजाला लागून, त्याने उजव्या हाताची चार बोटं आडवी धरली होती. रिकाम्या नळीत हा गज तोंडाबरोबर बसतो. बार भरला, म्हणजे बारूद, त्यावर काथ्या, काथ्यावर गोळी ठासली, की जेवढं आत गेलं तेवढा गज वर राहतो. चार बोटं राहिला तर बार बरोबर. जास्त राहिला तर नळी फाटायची भीती, आणि कमी राहिला तर गोळी डुकराच्या पायाशी जाऊन नमस्कार घालते.

"चार बोटं तं आहेत, शेठजी," टिकाराम म्हणाला, "पण कोनाची?"

"म्हंजे?"

"सुंदरा भरत होती बार."

मधुकररावांचं आर्वीत किराण्याचं दुकान, आणि इथे टिकारामच्या बांधाला लागून त्यांचा हरभरा. डुकरं बांध मानत नाहीत. पीक राखायच्या बंदुकीचा परवाना शिवारात एकट्या टिकारामकडे, त्यामुळे तिची काळजी मधुकररावांना त्याच्यापेक्षा जास्त होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. ते तिथेच ढेकळावर बसले.

परवाना टिकारामच्या नावाचा, पण बार भरायचा तो सुंदराने, हे लग्नानंतर पहिल्याच हंगामात सासऱ्याने ठरवून टाकलं होतं. पोराच्या हाताला घाई आहे, सुनेच्या हाताला नाही, एवढंच म्हातारा म्हणाला. तेव्हापासून चुलीवर शिसं वितळवायचं तिने, गोळ्या ओतायच्या तिने. गार झालेली एकेक गोळी ती आपल्या जुन्या जोडव्यातून काढून बघे. अलगद निघाली तर पिशवीत, अडली तर परत पातेल्यात. जोडवं अजून फळीवर होतं. गोळीचं माप घरात राहिलं आणि बाराचं माप तिच्याबरोबर मातीत गेलं. गजावर खूण करून ठेवू, असं टिकाराम एकदा म्हणाला होता. "खून झिजते," तिने सांगितलं होतं, "बोटं थोडीच झिजतात?"

निवडणूक लागली तशी बंदूक रिवाजाप्रमाणे ठाण्यात जमा झाली. ती तिथे असतानाच सुंदराला ताप आला आणि दवाखान्याची गाडी यायच्या आत ती गेलीही. टिकारामने स्वतः खड्डा खणला, माती दिली, घरी येऊन बैलांना पाणी पाजलं. रडला नाही. "दगड आहे हा मानूस," वहिनी कौशल्याबाई त्याच्या देखतच म्हणाली. त्याला त्याचंही काही वाटलं नाही. भूक लागली की जेवायचा, दिवस मावळला की आडवा व्हायचा. सुखही नाही, दुःखही नाही. पाय फार वेळ दुमडून बसलं की बधिर होतो, तसं त्याचं सगळं अंगच झालं होतं. निवडणूक आटोपून बंदूक घरी परत आली, तेव्हा बार भरायला तो एकटाच उरला होता.

"उडव बा एकदाचा," मधुकरराव कंटाळून म्हणाले. "आवाज तं होऊ दे."

टिकारामने गज काढला, घोड्याखाली ठिणगीची टोपी चढवली आणि नाल्याच्या दरडीवर नेम धरून चाप ओढला.

मधुकररावांनी डोळे उघडले तेव्हा टिकाराम उताणा पडला होता आणि बंदूक भलतीकडेच होती.

"मेला का रे?"

"नाई," टिकाराम म्हणाला. चहा घेतो का, असं विचारल्यावर म्हणावं तसं.

नळी शाबूत राहिली हे नशीब. मधुकररावांनी मात्र त्या दिवसापासून बंदुकीचं नाव काढलं नाही. डुकरांनी त्यांचा हरभरा एका कडेने उकरायला घेतला होता, आता टिकारामचाही घेतला.

रविवारी गुंजन आली. टिकारामची ही एकुलती लेक पिपरी मेघेला एका मेसमध्ये पोळ्या लाटते. बापाने अंघोळीला सदरा काढला तशी ती किंचाळली. खांदा वांग्यासारखा झाला होता.

"बाबा! हे काऊन झालं?"

"बार जास्त झाला."

"आन तुमी सांगत बी नाई? दुखत नाई का?"

"काय मालूम," टिकाराम म्हणाला, आणि ते खरंच होतं.

मग त्याने सगळं सांगितलं. आपली बोटं जाड, तिची बारीक, तीन धरली तर अंदाज लागत नाही, आणि दुसऱ्यांदा चुकलं तर नळी हाताला घेऊन जाईल. गुंजन ऐकत होती. तिने एकदा आपल्या हाताकडे पाहिलं.

"माह्या लग्नात आईच्याच बांगड्या चढवल्या होत्या," ती म्हणाली. "जराबी ढिल्या नाई झाल्या. आना बंदूक."

अंगणात टिकारामने गज घातलेली बंदूक उभी धरली. गुंजनने गजाला लागून बोटं ठेवली, आणि ठेवताठेवता, आपण काय बोलतो आहोत हे न कळताच, पुटपुटली, "उंदी, रंड, मूंद, नालुंग." एक, दोन, तीन, चार. घरात गोंडी आता कोणी बोलत नव्हतं. सुंदरा तेवढी मोजायला बसली की गोंडीत मोजायची.

टिकारामने थोडं थोडं बारूद घालत, ठासत, बार भरला. गज वर येत येत गुंजनच्या सर्वांत वरच्या बोटाशी थांबला.

"बस?"

"बस."

"आता खून करून टाका," गुंजन म्हणाली. "मी काई दर खेपेले येनार नाई. आन डुक्कर काई माह्या सुट्टीची वाट पाहत नाई."

टिकारामने कानस घेतली. तिच्या करंगळीखाली, नळीच्या तोंडाबरोबर, गजावर टेकवली. हात थांबला. बोटं पिठाने चरे पडलेली होती, नखं कापलेली, पण गजाला विळखा घातला होता तो सुंदरानेच.

"करा नं, बाबा. माही गाडी जाते."

कानस हलेना.

"हात काढू का मंग?"

"नोको," टिकाराम म्हणाला. "राहू दे. जरासाक राहू दे."

खांदा भयंकर दुखत होता. तो दुखतो आहे हे त्याला आत्ता कळलं, आणि तो तिथेच, बंदूक धरून, लहान पोरासारखा हमसून रडू लागला. गुंजनने हात काढला नाही. तिची गाडी फाट्यावर येऊन हॉर्न वाजवून गेली.