फागीआजीचं गाणं

भात झोडून झालं होतं. पोशेऱ्याजवळच्या पाड्यावर रोशनी अंगणात नागली पाखडत बसली होती, पण सूप हातात आणि जीव थाऱ्यावर नाही, अशी तिची गत. संध्याकाळी तिला मांडवात गायचं होतं.

धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. ती गायली की लग्न लागलं. नाही गायली, तर नुसतं जेवण झालं. या डोंगरात ते काम फागीआजीनं केलं. पावसाळ्यात ती गेली आणि गाणी रोशनीच्या, तिच्या नातीच्या गळ्यात राहिली.

फागीआजी म्हणजे एक नमुनाच. तोंडात तंबाखू, लुगडं कमरेला खोचलेलं. भर मांडवात नवरदेवाला विचारायची, भाकर थापता येते का रे? लोक हसून लोळायचे. पण गाण्याआधी ती नवरीला शेजारी बसवून निरखायची. निम्म्या पोरींची नाळ तिनंच कापलेली, तेव्हा वयाची थाप मारायची कुणाची छाती नव्हती. पोर कोवळी असली की आजी चंची गुंडाळून घरी चालू लागायची. खोडाळ्याच्या एका मांडवातून अशी उठली तेव्हा तिच्यावर दगड आले. कपाळावरची ती खूण ती हौसेनं दाखवायची.

आज नवरी होती मीना, रोशनीच्या ढवळूकाकाची मुलगी. आश्रमशाळेत नववीत, दिवाळीच्या सुट्टीला घरी आलेली. मुलगा जामसरचा तुषार. आता माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर निघणार, आणि तिथं मुकादमाला नवरा-बायकोची जोडी लागते, एकटा गडी चालत नाही. तुषारची जोडी जुळावी म्हणून हे लग्न. संताप येतो तो याचाच.

ढवळू वाईट माणूस नव्हता. तोही बायकोला घेऊन भट्टीवर जाणार, मग सुट्टीत पोर रिकाम्या घरात एकटी, या धास्तीनं तो पोखरला होता. दुपारी त्यानं रोशनीला बजावलं, घरचं लग्न आहे, आजीची थेरं नकोत.

घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहून झाला, मांडवात दिवा लागला. हळदीच्या हातानं मीना सारखी रोशनीचा पदर धरत होती. गाण्याच्या साथीला म्हातारी हिरी बसली होती. सगळे थांबले.

"गा ना," काका म्हणाला.

"नाय काका. हिची नाळ कापली तवा आजीच्या बाजूला मी दिवा धरून व्हते. ही अजून लेकरू हाय."

काकानं हिरीकडे पाहिलं. हिरीनं मान फिरवली. चिडून त्यानं डीजे लावायला सांगितला. मांडवाचे पत्रे थरथरले, पण नाचायला कुणी उठेना. डीजेनं लग्न लागत नाही हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शेवटी तुषारच्या बापानंच तो बंद करायला लावला आणि पाहुणे जेवून आल्या वाटेनं गेले.

"आमी भट्टीवर गेल्याव हिला कोण बघंल?" ढवळूनं कळवळून विचारलं.

"मी. सुट्टीत माझ्याकडं येल. आजीची खाट रिकामीच हाय."

ढवळू खांबाला टेकून रडू लागला. रोशनीनं जवळ ठेवलेली आजीची चंची गुंडाळली, मीनाचा हात धरला आणि घरची वाट धरली. उद्या तिच्यावरही दगड येतील, हे तिला माहीत होतं.

भट्ट्या मात्र पेटल्याच आहेत, आणि विटा शहरात पोचतातच. आपल्या घराच्या भिंतीतली वीट कुठल्या मीनानं पाडली, हे विचारायला आपल्या दारात कुणी धवलेरी बसलेली नाही. आपणच विचारायला हवं.